अक्का गेली म्हणजे कुठं?

अक्का,

माणूस गेल्यावर भेटायला येणारे घरच्यांना म्हणतात, आम्ही आहोत. तुझ्या मातीला आलेली माणसं उलटंच म्हणत होती. माझा हात हातात घ्यायची, पदराच्या नाहीतर टॉवेलच्या टोकानं डोळे टिपायची आणि म्हणायची, "मामा, तुम्ही हायसा म्हणून बरं." पहिल्यांदा मी मान हलवली. पुढच्यालाही हलवली. मग लक्षात आलं की मी कशाला तरी होकार देत सुटलोय.

त्यातली बरीच माणसं मी कधी पाहिली नव्हती. कुणी आजऱ्याकडची, कुणी शिरोळची, कुणी पार सीमेपलीकडची, मोडकंतोडकं मराठी बोलणारी. एक बाई तुझ्या उशाशी बसून मोठ्यानं सांगत होती, "माझं माणूस दवाखान्यात असताना ह्या माउलीनं मला न्हाऊ घातलं." तुझ्याबद्दल कुणीही बोलू लागलं की बोलणं शेवटी पाण्यावरच यायचं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आपलं माणूस घेऊन येणाऱ्या, व्हरांड्यात पथारी टाकून दिवस काढणाऱ्या गावाकडच्या बायकांना तू कसबा बावड्यातल्या या घरी बोलवायचीस. मागच्या अंगणात तांब्याच्या बंबात पाणी तापवायचीस. डोक्यावरून अंघोळ, केसांना तेल, गरम भाकरी, आणि सदाच्या रिक्षातून परत. नाव विचारायचीस, गाव विचारायचीस, आजार मात्र विचारायची नाहीस. "आजाराचं तिथं दिवसभर ऐकत्यातच की," म्हणायचीस.

मी इथं आलो तो थोड्या दिवसांसाठी. हे तुला पुन्हा सांगतो, कारण तू असताना ते कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. तुझा खोकला हटेना, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, म्हणून मी जयसिंगपूरचं घर बंद करून एक बॅग घेऊन आलो. शाळेत मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर वाचायची म्हणून साठवलेली पुस्तकं त्या घरात भिंतीला टेकून उभी आहेत. मला एक खुर्ची हवी होती, एक खिडकी हवी होती आणि दारावर कुणी यायला नको होतं. बसवराज हे नाव शाळेच्या कागदांपुरतं. तुझ्यासाठी मी बसूच. "नाव बसू आन् सारखी उठायची घाई," हा तुझा विनोद मी इतक्यांदा ऐकला होता की त्यावर हसू यायचं बंद झालं होतं. काल बॅग भरताना एकदम आलं.

तू पुढच्या खोलीत कॉटवर पडलेली असायचीस आणि मी तुझी सेवा करतोय असं मला वाटायचं. खरं तर मी मागच्या अंगणातच असायचो. "बसू, चिपाडं घाल जरा. एकदम कोंबू नगंस, धूर हुईल." "बसू, पाणी हातावर घिऊन बघ." "बसू, कढत झालं असंल, गार पाण्याची बादली भरून ठेव." मी चिडायचो आणि करायचो. बंबाच्या तोंडाशी किती जाळ असावा, राख कधी ओढावी, पाणी कोणत्या आवाजाला उकळायला आलं म्हणायचं, हे सगळं मला येऊ लागलं होतं आणि मी कधी शिकलो ते मला कळलंच नव्हतं. तू विचारलं असतंस, बसू, माझ्यामागं हे करशील का, तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच तू विचारलं नाहीस. दारात येणारीला नुसतं सांगत राहिलीस, "ह्यो माझा भाऊ. ह्याला मामा म्हणा." नात्यात अडकवलं की माणूस सुटत नाही, हे तुला चांगलं माहीत होतं.

आपलं भांडण मात्र अर्धंच राहिलं. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. बाईला अंघोळीला आडोसा मिळणं हा कुणाचा उपकार नसावा, तो हक्क असावा. तू एकेकीला घरी आणून न्हाऊ घालत बसलीस तर तो हक्क मागणार कोण? मी हे बोललो तेव्हा तू भाकरी थापत होतीस. तव्यावर टाकून झाल्यावर म्हणालीस, "झालं बोलून? तू अर्ज लिही, सही मी करतो. पर त्याचं उत्तर येस्तवर ती बाई केस कशात धुवंल?" मी अर्ज लिहिला, तू सही केलीस, आणि त्याच दुपारी तिघी जणी मागच्या अंगणात केस वाळवत बसल्या होत्या. आपण दोघंही बरोबर असू शकतो, हे आपल्यापैकी कुणीच म्हटलं नाही. मी अजूनही म्हणत नाही. तू समोर असतीस तर आजही भांडलो असतो, आणि खरं सांगायचं तर तेच मला सगळ्यात जास्त हवं आहे.

मी सुचवलेल्या गॅसच्या गिझरचंही तसंच. कळ फिरवली की पाणी, ना धूर, ना राख. तू म्हणालीस, "गिझरपाशी कोण बसंल?" मला ते हटवादीपणाचं वाटलं. पण बंबापाशी बायका बसायच्या हे खरं होतं. पाटावर उकिडव्या, हात शेकत, जाळाकडं बघत. काही बोलायच्या, काही नाही.

तू हे सुरू कसं केलंस ते मी एकदाच विचारलं होतं. दाजी दवाखान्यात होते, तुझ्या अंगाला पाणी लागून किती दिवस झाले होते ते तुलाही आठवत नव्हतं, आणि जवळच्या बोळातल्या एका बाईनं तुला हाताला धरून घरी नेलं, कढत पाण्याची बादली पुढं ठेवली. तिचं नाव तुला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग नंतर तिला शोधलं का नाहीस?" तू हसलीस. "शोधून काय करू? बाई, तुमची अंघोळ परत करतो, असं म्हणू?"

तुझं शेवटचं नीट बोलणं माझ्याशी झालं ते असं. तू विचारलंस, "माझ्यामागं जयसिंगपूरला चाललाईस व्हय?" मला हो म्हणायचं होतं. तुझा हात माझ्या मनगटावर होता, त्यात जोर नव्हता, तरी मला तो सोडवता येईना. मी म्हणालो, "बघू." तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "बघ." बघू आणि बघ. एकात आपण सगळे पळून जातो, दुसऱ्यात एकट्यालाच उभं केलं जातं. त्यानंतर तू औषधाचं, पाण्याचं बोललीस, पण मला ते बोलणं वाटत नाही.

कार्य उरकलं, नातेवाईक परतले आणि मी बॅग भरली. तुझा फोटो मोठा करायला दिला होता, तो अजून आला नव्हता. कॉट उचलून ठेवली होती, एवढंच. बाकी तू नाहीस असं सांगणारं घरात काहीच नव्हतं. सकाळच्या गाडीनं निघायचं ठरवून सदाला रिक्षा घेऊन ये म्हटलं. बूट घातले आणि कुलूप हातात घेऊन उंबऱ्यावर उभा राहिलो.

रिक्षा आली, पण रिकामी नव्हती. मागं एक तरुण बाई होती, तिच्या शेजारी एक म्हातारी, आणि म्हातारीच्या मांडीवर कपड्यांची पिशवी.

"अरे, मला गाडी गाठायची आहे," मी म्हणालो.

"तुम्हालाच न्यायला आलोय की मामा," सदा म्हणाला. "ह्या दवाखान्याच्या फाटकात भेटल्या."

"भेटल्या म्हणजे?"

"म्हणजे अक्काचं घर इचारत हुत्या. मग काय, पत्ता सांगून मोकळा होऊ?"

तोवर तरुण बाई उतरली होती. "वळखलासा का मामा? मी सुमन. मागं माझ्या लेकाला दवाखान्यात ठेवला हुता तवा आलतो. आता सासऱ्यांचं आप्रेशन झालंय. ह्या माझ्या सासूबाई. ह्यांचं माहेर कानडी मुलखात, घरातबी कानडीच, मराठी येत न्हाय. अक्का कुठं हायत?"

इथं माझी चूक झाली. मी म्हणालो, "अक्का गेली."

"कुठं गेल्यात?"

मी हातातल्या कुलपाकडं पाहिलं.

"बाजारला व्हय? मग येतील की. आम्ही बसतो तवर."

अक्का, मी जन्मभर मराठी शिकवलं. या एका गोष्टीसाठी माझ्याजवळ केवढे शब्द आहेत. निधन आहे, देहावसान आहे, आपल्या घरात म्हणतात ते लिंगैक्य आहे. ते सगळे छापायचे शब्द, दारात उभ्या असलेल्या बाईला कसे सांगायचे? आणि बोलायचे जे शब्द आहेत ते तुझ्याबाबतीत माझ्या तोंडून निघेनात. म्हणून सगळ्यात मऊ शब्द निवडला, तर त्यानं तुला बाजारात पाठवून दिलं.

सुमन थेट मागच्या अंगणात गेली. घरातली वाट तिला माहीत होती. "चिपाडं कुठं ठेवलाईसा मामा?" तिनं आतून विचारलं.

"कोपऱ्यात. पत्र्याखाली," मी म्हणालो.

सदानं रिक्षा बंद केली. मी खुर्चीत बसलो, पायात बूट, मांडीवर बॅग, हातात कुलूप. मागून काड्या मोडल्याचा आवाज, मग धुराचा वास. आता उठून मागं जावं आणि सांगावं, असं दर थोड्या वेळानं वाटायचं. पण जितका उशीर होत होता तितकं सांगणं अवघड होत होतं. आधी सांगितलं नाही ते का, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. कुणी कोंडून ठेवलेलं नसताना मी त्या खुर्चीत पुरता कोंडला गेलो होतो. माझी गाडी कधीच निघून गेली असणार.

"तू तरी वाटेत सांगायचंस," मी सदाला हळूच म्हणालो.

"मी? घरचं माणूस समोर असताना मी सांगू? बरं दिसतंय का ते?" तो म्हणाला. मग आवाज उतरवून, म्हणजे त्याला जमतो तितकाच उतरवून, "आन् सांगितलं असतं तर म्हातारी गाडीतनं उतरून माघारी गेली असती. मग न्हाली असती का ती?"

म्हातारी आधी न्हायला गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. केसांना पंचा गुंडाळलेला, तोंड तांबूस झालेलं. माझ्यासमोर उभी राहून तिनं विचारलं, "अक्का एल्ली?" अक्का कुठंय?

कानडी आपल्या आईची भाषा. तू ती शेवटपर्यंत सांभाळलीस, मी शाळेत जाऊ लागल्यावर सोडून दिली. मला त्यातला पुस्तकी शब्द एकही येत नाही. स्वयंपाकघरातलं येतं, रागावायचं येतं, आणि आजोळी कुणी वारल्याचा निरोप आला की आई जे म्हणायची ते येतं. मला निवडायला दुसरं काही नव्हतंच. मी म्हणालो, "अक्का तीरिहोदळु."

त्यात 'गेली' आहेच, पण त्याच्या आधी 'संपून' आहे. संपून गेली. मग कुठं, असं कुणी विचारत नाही.

तू गेल्यापासून हे मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं. म्हातारी होती तिथंच भिंतीला धरून खाली बसली. मागच्या दारात सुमन उभी होती, हातात रिकामा तांब्या. सासरच्या घरात राहून तिलाही तेवढी कानडी येत होती.

"कवा?" तिनं विचारलं. सदानं सांगितलं.

"आन् मला बसतो म्हणू दिलासा तुम्ही?" ती माझ्यावर एकदम भडकली. "बाजारला गेल्यात म्हणून मी जाळ मोठा करालोय, अक्का आल्यावर त्यांनाबी पाणी हुईल म्हणून!"

तिनं कोपरानं डोळे पुसले, रिकाम्या तांब्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "माझी अंघोळ व्हायची हाय अजून. आता ती अक्काच्या नावानं."

लांबच्या नातेवाइकाच्या मरणाची बातमी आली की त्याच्या नावानं अंघोळ करायची आपल्याकडची रीत. मातीला जाता आलं नाही तर निदान पाणी. तू तिच्या नात्यातली नाहीस, गावातली नाहीस. तिनं ती रीत तुला लावली, आणि पाणीही तुझ्याच बंबाचं होतं.

न्हाणीचं दार लागलं. कडी पडली. पाणी ओतल्याचा आवाज आला आणि त्याच्याखाली रडणं ऐकू येऊ लागलं. मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण पुढं सदा आणि इथं भिंतीशी म्हातारी, त्यात मी बसून राहिलो. ते रडणं लवकर थांबेना. आधी त्यात तुझं नाव होतं, मग नव्हतं. मग ती कुणासाठी रडत होती ते मला सांगता येणार नाही. लेकासाठी असेल, खाटेवरच्या सासऱ्यासाठी असेल, कदाचित स्वतःसाठी. रोग्याच्या समोर रडता येत नाही. व्हरांड्यात शंभर डोळे असतात. तिथं ती धीराची सून असते.

मी तुला एकदा विचारलं होतं की एकेकीला अंघोळीला इतका वेळ का लागतो, पाणी निवतं, पुढची खोळंबते. तू म्हणाली होतीस, "लागू दे बसू. आतनं कडी लागती आपल्या न्हाणीला." मला वाटलं, लाजेचं बोलतेस, आडोशाचं बोलतेस. आणि एकेक जण आत गेली की तू बाहेर भांडी घासायला घ्यायचीस, ताटल्या, तवे, पातेली, सगळी आपटून. वाचणाऱ्या माणसाच्या घरात हा काय गोंधळ म्हणून मी कितीदा बोललो. तू एकदाही खुलासा केला नाहीस. त्या बायकांना तरी ठाऊक होतं का, की बाहेरचा आवाज त्यांच्यासाठी आहे? नसावं. त्यांना फक्त इतकं कळत असेल की इथं कुणाला काही ऐकू जात नाही.

मी उठलो, बॅग खुर्चीवर ठेवली, स्वयंपाकघरात गेलो आणि मांडणीवरची धुतलेली भांडी खाली काढून पुन्हा मांडू लागलो. जरा जोरानं. सदा दारातून डोकावला आणि परत गेला.

सुमन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. सासूच्या केसांना तेल लावत तिनं विचारलं, "मामा, उद्या येऊ का? आमच्या बाजूच्या खाटंजवळच्या दोघीबी हायत. लई अवघडल्यात बिचाऱ्या."

"बघू," मी म्हणालो.

"बघू न्हवं. येऊ का नको ते सांगा."

"या," मी म्हणालो.

त्यांना सोडून सदा परत आला तेव्हा ऊन चढलं होतं. माझी बॅग तिथंच होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं, माझ्या बुटांकडं पाहिलं. "दारावर एक पाटी लावा मामा," तो म्हणाला. "दर खेपेला तुम्हाला सांगाय नको. तोंडाला येत न्हाय तुमच्या, मी बघितलं की."

मला ती सुटका वाटली. म्हणालो, पाटी लावली की मला जाताही येईल.

"जावा की," सदा म्हणाला. "पाटी बंब पेटवंल व्हय?"

मी त्याच्यावर चिडलो. खरं तर तुझ्यावर. अक्का, मला अजूनही जायचंय. चांगुलपणा कुणाच्या गळ्यात बांधून जाण्याची वस्तू नाही, हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं. तू माझा म्हातारपणाचा निवांतपणा घेतलास आणि त्याच्या बदल्यात मला काय दिलंस हे मला आत्ता कुठं, न्हाणीच्या भिंतीतून, थोडं ऐकू आलं. त्यामुळे राग पुरता ठेवताही येत नाही. हे असं मध्येच अडकून राहणं मला वर्गात कधी शिकवावं लागलं नाही, आणि त्यासाठी शब्दही माझ्याजवळ नाही.

पाटीचा मजकूर लिहायला बसलो तो दुपारभर तुला हेच लिहीत राहिलो. पाटीचं आधी मी असं लिहिलं होतं: 'अक्का यांचे नुकतेच निधन झाले असल्याने येथील व्यवस्था तूर्त बंद ठेवण्यात येत आहे.' सदानं वाचलं आणि म्हणाला, "मामा, हे वाचून बाई आल्या पावली माघारी जाईल." मी म्हटलं, त्यासाठीच तर लिहिलंय. त्यानं वही माझ्यापुढं सरकवली. मी वहीचं पान उलटलं. 'व्यवस्था' काढला. तू कधी व्यवस्था केली नव्हतीस. 'तूर्त' काढला, मग 'बंद'ही. 'निधन' काढून तिथं जो शब्द दारात माझ्या तोंडून निघाला नव्हता तो लिहिला. हाताला तो जमला.

आता सदा ती रंगवून आणायला निघालाय, म्हणून मजकूर तुलाही दाखवतो. चुका असतील तर नेहमीसारखं हस.

अक्का वारल्या.
पाणी मागच्या अंगणात आहे.
आतून कडी लागते.